पुलाच्या अलीकडे

एरवी ट्रक दुपार कलल्यावर यायचा. त्या दिवशी सकाळीच दारात उभा राहिला. पेंडवाली दुकानापुढची धूळ झाडत होती. तिनं झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला, रिकाम्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली आणि फाळक्याला पाठ लावून उभी राहिली.

ड्रायव्हरनं वरून पहिलं पोतं सरकवलं. पन्नास किलोचं ओझं आधी मानेला कळतं, मग गुडघ्यांना. कळल्यावर थांबायचं नसतं, चालायचं असतं. थांबलं की माणूस बसतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी गोदामातली थप्पी नवऱ्याच्या अंगावर कोसळली आणि त्याची कंबर कायमची गेली. त्यानंतर एजन्सी तिच्या नावावर झाली, टेम्पो तिच्या हातात आला आणि ओझं तिच्या पाठीवर. आधी लोक तिला दुकानदाराची बायको म्हणत, नंतर पेंडवाली म्हणू लागले. जनावरांची गोळी पेंड, निळ्या पोत्यातली. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गोठ्यांना ती घरपोच द्यायची.

ऐंशी पोती झाली आणि ड्रायव्हरनं हात झटकले.

"एकशेवीस सांगितली होती मी," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं नुसती हनुवटी उडवून केबिनकडे दाखवलं. केबिनमधून कंपनीचा साहेब उतरत होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बुटांवर धूळ बसू नये म्हणून टाचा उचलून चालणारा.

"यापुढे ऐंशीच," साहेब म्हणाला. "तुमचा माल आता पुलाच्या अलीकडेच विकायचा. पलीकडे एक पोतं जायचं नाही."

"पलीकडे माझी तीस घरं आहेत."

"होती. आता ती लाल पोतंवाला सांभाळेल."

पेंडवालीनं खोळ काढून घाम पुसला. लाल पोतं म्हणजे दुसरी कंपनी. पुलाच्या पलीकडच्या टोकाला मिशीवाल्याचं दुकान होतं, लाल पोत्यांचं. बारा वर्षं त्यांचं आणि यांचं हाडवैर. तो अलीकडची गिऱ्हाइकं फोडायचा, ही पलीकडची फोडायची.

"साहेब, आपल्या कंपनीला लाल पोत्याची काळजी कधीपासून वाटायला लागली?"

साहेब हसला. "तोही इकडे येणार नाही ना आता. तुमचा फायदाच आहे, बाई."

"पण ठरवलं कुणी?"

"वरून आलंय."

"वरून ऊन येतं, पाऊस येतो. हे कुणी ठरवलं ते विचारते मी."

साहेबानं पोत्याच्या शिवणीत अडकवलेली चिठ्ठी दाखवली. प्रत्येक चिठ्ठीवर नंबर होता. कुठलं पोतं कुठे सापडलं ते आता कळणार होतं.

तेवढ्यात वाऱ्यानं ट्रकवरच्या ताडपत्रीची कड उचलली गेली. केबिनच्या बाजूला, निळ्या पोत्यांच्या रिकाम्या जागेमागे, लाल पोती होती. नीट रचलेली, दोरानं आवळलेली. तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं.

"पलीकडची आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "हल्ली दोन्ही एकाच गोदामात भरतो. एकाच खेपेत उतरवायची. डिझेल वाचतं म्हणाले."

ट्रक पुलाच्या दिशेनं गेला. नदीत पाणी नव्हतंच. वाळूत कुत्री सावली शोधून झोपली होती.

दारातल्या खाटेवर बसलेला नवरा मात्र खूश झाला होता. "बारा वर्षं त्या मिशीवाल्यानं छळलं आपल्याला. आता म्हणावं, पुलाच्या खांबांना पेंड घाल!"

"तीस घरं गेली, अहो."

"इकडची त्याची पन्नास आपल्याला मिळतील. हिशेब कर."

तिनं हिशेब केला. हिशेब बरोबर होता. तरी ती लाल पोती तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

उन्हाळा वाढला तसा हिरवा चारा संपला. बांधावरचं गवतही लोकांनी खरवडून नेलं. जनावरांच्या पोटात जाण्यासारखी पेंडच राहिली, आणि नेमका तेव्हा पेंडेचा भाव चढला. पंधरा दिवसांत पुन्हा चढला. पूर्वी असं झालं की गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू दे, लाल घेतो." मग ती कंपनीला फोन करायची आणि कंपनी कुरकुरत का होईना भाव खाली आणायची. यावेळी तिनं फोन केला तेव्हा साहेब शांतपणे म्हणाला, "पलीकडेही तोच भाव आहे. विचारून बघा."

तिनं विचारलं. तोच होता. सुट्ट्या नाण्यासकट तोच.

अकरा म्हशींचा दूधवाला सगळ्यांत आधी भडकला. बुटका, अंगानं दणकट, बोलायला तिखट. भर बाजाराच्या दिवशी त्यानं तिच्या पायरीवर पोतं आपटलं, सुरीनं शिवण फाडली आणि ओंजळभर गोळ्या तिच्यापुढे धरल्या.

"भुसा विकतेस होय गं? माझ्या म्हशी तोंड फिरवतात. खा. खाऊन दाखव."

"अरे, काय बोलतोस!" नवरा खाटेवरून ओरडला.

"ती विकते ना? मग तिनंच खावं."

रस्त्यावरची माणसं थांबली होती. पेंडवालीनं त्याच्या ओंजळीतून दोन गोळ्या उचलल्या आणि तोंडात टाकल्या. चावल्या. दाताखाली कचकन वाळू आली. तिनं त्या थुंकल्या नाहीत, गिळल्या.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "कोंडा जास्त आहे. रेतीपण आहे."

दूधवाला क्षणभर गोंधळला. तो भांडायला आला होता, तिनं कबूल करून टाकलं होतं. "मग विकतेस कशाला?"

"दुसरं आहे का माझ्याकडे?"

त्यानं फाडलेली शिवण मुठीत आवळली, पोतं खांद्यावर टाकलं आणि निघाला. त्याच्याकडेही दुसरं नव्हतं.

नणंद आली ती भर उन्हाची, पुलावरून नाही, नदीच्या वाळूतून चालत. नवऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, म्हणून तिनंच त्याला कडेवर वाढवलेलं. पलीकडच्या काठाला दिलेली, सात म्हशींचा गोठा एकटीच्या जिवावर ओढत होती. तांब्याभर पाणी एका दमात पिऊन ती उंबऱ्यातच बसली.

"त्या लाल पेंडेनं जनावरांचं पोट बिघडलंय," ती म्हणाली. "दोघी आटल्या. रेडकू तर उठतच नाही. वर्षानुवर्षं निळ्याची सवय. मला दोन पोती दे रे. सावकाश बदलेन, थोडं हे, थोडं ते."

नवऱ्यानं खाली बघितलं. "ताई, सध्या जरा... नंबर असतात पोत्यांवर."

"नंबर?"

"कंपनीचे."

नणंद गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बरं. राहू दे." आणि आली तशी वाळूत उतरली.

पेंडवालीनं दोन पोती टेम्पोत टाकली, शिवणीतल्या चिठ्ठ्या उपसल्या, वर वाळकं पाचट पसरलं आणि टेम्पो सुरू केला. पुलावर पोहोचली तेव्हा नणंद खालून नदी पार करत होती. तिच्या आधी पोती तिच्या गोठ्यात पोहोचली.

नवव्या दिवशी साहेबाची जीप दारात उभी राहिली. त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. नणंदेचा गोठा, कोपऱ्यात निळं पोतं.

"चिठ्ठी काढलीत, पण दोरा तसाच राहिला," तो म्हणाला. "तुमच्या मालाला हिरव्या दोऱ्याची शिवण असते. चला, बसा जीपमध्ये. पोती परत आणायची आहेत."

"ती माझी नणंद आहे, साहेब."

"म्हणूनच तुम्हाला नेतोय. नाहीतर सरळ एजन्सी काढली असती."

गोठ्यात नणंद दावणीतलं शेण काढत होती. शेजारच्या दोघीतिघी जीप बघून कुंपणापाशी जमल्या. एक पोतं अर्धं उरलं होतं. दुसरं रिकामं करून आजारी रेडकाखाली अंथरलं होतं.

"दोन्ही घ्या," साहेब म्हणाला.

"रिकामं कशाला?" पेंडवालीनं विचारलं.

"मोजून द्यावी लागतात."

नणंदेनं रेडकाला पोटाशी धरून उचललं आणि खालचं पोतं ओढून काढलं. ओलं झालेलं, वास मारणारं. साहेबानं ते पायानंच बाजूला सरकवलं. मग तो गव्हाणीत डोकावला. तिथे नुकत्याच घातलेल्या मूठभर गोळ्या होत्या.

"ते राहू दे," तो उदार होऊन म्हणाला.

"नाही," नणंद म्हणाली. "मोजून द्यावं लागतं ना?" तिनं म्हशीचं तोंड बाजूला सारलं, दोन्ही हातांनी गव्हाण खरवडली आणि लाळेनं चिकटलेल्या गोळ्या अर्ध्या पोत्यात टाकल्या. हात झटकले, तेही पोत्यातच. "घ्या. आता फोटो काढा."

साहेबानं खरोखरच काढला. दोघी नणंद-भावजया नव्हेत, चोर पकडल्यासारख्या उभ्या. पेंडवालीनं अर्धं पोतं उचललं. ते हलकं होतं, तरी पहिल्यांदाच तिची मान वर होईना.

दारापर्यंत नणंद आली. हळूच म्हणाली, "गव्हाणीचं माझ्या भावाला सांगू नकोस गं. त्याला जेवण जायचं नाही."

पेंडवालीनं सांगितलं नाही. पोती परत दिली, एवढंच बोलली.

दोन दिवसांनी मिशीवाला पूल ओलांडून आला. रिकाम्या हातानं. बारा वर्षांत तो या पायरीवर चढला नव्हता. नवऱ्यानं तोंड फिरवलं. पेंडवालीनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"मीच सांगितलं," मिशीवाला म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मला म्हणाले, तिचं पोतं दाखव, नाहीतर तुझं पोतं अलीकडे सापडलं असं आम्ही दाखवू." तो पाणी प्यायला आणि त्यानं मिशा पुसल्या. "तुमचा साहेब आणि आमचा साहेब माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. एकाच डब्यातलं जेवतात. भाव तिथेच ठरतो. मी बाहेर बसून ऐकतो."

"मग मला कशाला सांगायला आलात?"

"कुणाला सांगू मग?" तो म्हणाला. "आपण बारा वर्षं भांडलो. त्या भांडणात लोकांना पेंड बरी मिळत होती. कंपन्यांना आपलं भांडणच परवडत नव्हतं."

मिशीवाला निघाला तेव्हा खाटेवरच्या नवऱ्यानं पाय आखडून घेऊन त्याला वाट दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेब एक कागद घेऊन आला. "साधी गोष्ट आहे. इथे सही करा."

पेंडवालीचं शिक्षण सातवीपर्यंत. ती बोट ठेवून वाचायची, पण एकही शब्द सोडायची नाही. कागदावर लिहिलं होतं की, आम्ही दोन विक्रेत्यांनी आपसातली भांडणं मिटावीत म्हणून स्वखुशीनं नदी ही हद्द ठरवून घेतली आहे, यात कुठल्याही कंपनीचा संबंध नाही.

"हे मी ठरवलेलं नाही," ती म्हणाली.

"कागदापुरतं आहे, बाई."

"कागदच तर उरतो, साहेब. आपण थोडेच उरतो."

"सही नसेल तर परवाचा ट्रक इथे थांबणार नाही."

"नका थांबवू."

साहेब कागद खाटेवर ठेवून गेला, विचार करा म्हणून. नवऱ्यानं जेवताना विषय काढला. "सही केल्यानं हात झिजतो का? घर चाललंय ना आपलं?"

"ज्याचं पाप त्यानं माझ्या पदरात बांधायचं, आणि मी गाठ मारायची?"

"पाप-पुण्य पोट भरलेल्याला सुचतं."

"माझं भरलंय," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला. थांबला. ऐंशी पोती उतरली. पेंडवालीला आश्चर्य वाटलं आणि मग आतून एक उभारी आली. त्या दिवशी पोती उचलताना तिला मान दुखल्याचं आठवलंसुद्धा नाही. माणूस ठाम राहिला की समोरचा नमतो, असं तिनं बाजारात नणंदेलाही सांगितलं. नणंद म्हणाली, "तुझी हिंमत, बाई." नवरा त्या दिवसांत कमी बोलायचा. कंबर दुखत असेल, असं तिला वाटलं.

दूध घालणाऱ्या माणसांनी मात्र गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं. बुटक्या दूधवाल्यानं दोन्ही काठांवर फिरून अंगठे आणि सह्या गोळा केल्या होत्या आणि अर्ज पार वरच्या कचेरीत दिला होता. महिनाभरानं चौकशीसाठी एक बाई आल्या, सोबत एक कारकून. डोळ्यांना जाड चष्मा, आवाज अगदी साधा. दुकानातल्या बाकावर बसून त्यांनी विचारायला सुरुवात केली.

पेंडवालीनं सगळं सांगितलं. सकाळी आलेला ट्रक, ताडपत्रीखालची लाल पोती, पूल, भाव. कारकून लिहीत होता.

"तुम्ही पलीकडे दिलेली पोती परत आणली म्हणे. कशी?"

तिला नणंदेला दिलेला शब्द आठवला. पण समोरची बाई नुसतं ऐकत होती, आणि इतक्या दिवसांत तिला कुणी असं विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं. रेडकाखालचं पोतं, गव्हाण, लाळेच्या गोळ्या, फोटो. सांगताना आवाज चढला नाही की पडला नाही. खाटेवर नवऱ्याचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला.

चौकशीच्या बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. "मग हे काय? कंपनीनं दिलंय. नदीची हद्द तुम्हीच मागितली, असं लिहिलंय. खाली सही तुमची आहे."

पेंडवालीनं कागद हातात घेतला. नाव तिचं होतं. अक्षर तिच्यासारखंच काढलेलं, पण शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढलेलं. माल उतरवताना तिचे हात धुळीनं भरलेले असायचे, तेव्हा पावतीवर तिच्या नावाची सही नवराच करायचा. सहा वर्षं. हे शेपूट ती ओळखत होती.

"ही सही तुमची?"

"नाही."

"मग कुणाची?"

तिनं कागद परत बाईंपुढे ठेवला. "माझी नाही, एवढं लिहा. पुढचं मी सांगणार नाही."

"न सांगून चालणार नाही. कंपनी म्हणेल, तुम्ही आता पलटताय."

खाट करकरली. नवऱ्याला उठायला वेळ लागायचा. आधी कुशीवर, मग एक पाय खाली, मग भिंतीला हात. कारकून मदतीला सरसावला तर त्यानं मान हलवली. भिंत धरत तो बाकापर्यंत आला.

"माझी आहे," तो म्हणाला.

पेंडवालीनं वर पाहिलं नाही.

"साहेब तिच्या माघारी पुन्हा आला होता. म्हणाला, ट्रक बंद होईल. मला वाकता येत नाही, बाई. सहा वर्षं ती ओझं उचलते आणि मी बसून बघतो. सही करणं तेवढं माझ्या हातात होतं. ते करून टाकलं." त्यानं बाकाची कड धरली. "गव्हाणीचं मला ठाऊक नव्हतं."

"हे लिहून घेऊ?"

"घ्या. आणि नाव माझं टाका."

कारकुनानं लिहिलं, वाचून दाखवलं. नवऱ्यानं उभ्यानंच सही केली. यावेळी शेपूट ओढलं नाही.

त्या आठवड्यात ट्रक आला, दुकानापुढे वेग कमी झाला आणि तसाच पुढे गेला. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, बाकी काही नाही. चौकशी चालूच राहिली. भाव थोडा उतरला. नदीची हद्द नव्हतीच कधी, असं दोन्ही कंपन्यांनी लिहून दिलं. मिशीवाल्यानंही खरं सांगितलं होतं, त्याचंही दुकान बंद झालं. निळी एजन्सी बुटक्या दूधवाल्याला मिळाली. तो येऊन खाली मान घालून विचारून गेला, थप्पी किती उंच रचायची म्हणून. पेंडवालीनं सांगितलं. सातच्या वर नको, जमिनीवर फळ्या टाक.

नवऱ्याशी ती पाच दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, पाठीला तेल लावायची, पण मुकाट. सहाव्या दिवशी नणंदेचा निरोप आला की, तेलघाण्यावर सरकीची पेंड सुटी मिळतेय, मका आणि कोंडा घालून घरीच मिसळू, टेम्पो घेऊन ये.

"मी येऊ का?" नवऱ्यानं विचारलं.

"खड्डे आहेत रस्त्याला."

"असू देत."

तिनं टेम्पोत उशी ठेवली आणि त्याला बसवलं.

नणंदेच्या अंगणात पेंडेचा आणि मक्याचा ढीग घातलेला होता. ती फावड्यानं कालवत होती. भाऊ उतरून, भिंत धरून तिच्यापुढे उभा राहिला.

"ताई, ती सही मी केली होती."

नणंदेनं फावडं ढिगाला टेकवलं.

"शाळेत प्रगतिपुस्तकावर बापाची सही कोण करायचं?" ती म्हणाली.

"मीच."

"आणि सापडल्यावर मार कुणी खाल्ला होता?"

"तू."

"मग आज कुणी खायचा?"

पेंडवाली इतक्या दिवसांनी हसली, तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. नणंदेनं चाळणी भावाच्या मांडीपाशी टाकली, त्याच्या पाठीशी पोत्यांची गुंडाळी लावली.

"बस. खडे निवड. रेती एक जरी राहिली ना, तर बघ."

तो निवडू लागला. पेंडवालीनं दुसरं फावडं उचललं आणि नणंदेसमोर उभी राहून ढिगात घातलं.